वाळू वजा जाता वाळवंट

मराठी माणसाला वाळवंट बघायला दुबईला जावं लागतं, ही गोष्ट मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांच्या पन्नास वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवणारी आहे. (इथं पाणी केवळ वाक्प्रचारापुरतं आहे. कृपया हंडे घेऊन येऊ नये.)

पुण्या-मुंबईच्या सहलवाल्यांचं दुबईचं वेळापत्रक एव्हाना सत्यनारायणाच्या पोथीसारखं ठरून गेलं आहे. एका दिवशी बुर्ज खलिफा, एका रात्री क्रूझ आणि मग एका दुपारी हॉटेलच्या दारात उभी राहणारी लँड क्रूझर, म्हणजे ‘डेझर्ट सफारी’. शहर संपलं की चालक गाडी थांबवतो आणि चाकांतली हवा कमी करतो. वाळूत चाक रुतू नये म्हणून हे करावं लागतं. जन्मभर पेट्रोल पंपावर फुकट हवा भरून घेतलेला माणूस इथं हवा सोडण्याचे पैसे मोजतो. मग वाळूच्या टेकड्यांवरून गाडी चढते, घसरते, तिरपी होते. मागच्या सीटवर काकू गजानन महाराजांचा धावा करतात आणि काकांना सकाळच्या बुफेतला तिसरा डोसा आठवतो. पुढं चार जाड चाकांची बाईक. तिचे पैसे वेगळे, हे काकांना तिथं पोचल्यावर कळतं. शेवटी छावणी. तिथं उंट. उंट उठताना मागचे पाय आधी सरळ करतो, त्यामुळे बसलेला माणूस क्षणभर वाळवंटाला साष्टांग नमस्कार घालायच्या बेतात असतो, आणि नेमका तोच फोटो ग्रुपवर पडतो. फेरी दोन-तीन मिनिटांची, उंट एकामागे एक दोरीनं बांधलेले. मग हातावर मेंदी, घेरदार झग्यात गरगर फिरणारा तनुरा नर्तक आणि शाकाहारी जेवणाची वेगळी रांग. परत आल्यावर वर्षभर गोष्टी निघतात त्या या रांगेच्याच.

दुबई परवडत नसेल त्यांच्यासाठी अलिबागजवळचं नागाव आहे, मुरूडच्या वाटेवरचं काशीद आहे. तिथं किनाऱ्यावर उंटही मिळतो आणि चार चाकांची बाईकही. समोर एवढं पाणी आणि प्यायला घोटभर नाही, ही उंटाची अडचण मराठवाड्याबाहेरच्या कुणाला समजायची नाही.

तर आमचा प्रस्ताव असा : ही सफारी जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थ इथं सुरू करावी. गाव निवडताना आम्ही पुरेसा विचार केला आहे. हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला तो इथं. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा असताना भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि मुलानं धूम ठोकली ती नाशिकजवळच्या टाकळीपर्यंत, असं परंपरा सांगते. साहसी पर्यटनात मार्गदर्शकाची सूचना ऐकताक्षणी पाळायची असते. या बाबतीत जांबइतकं जुनं उदाहरण दुसऱ्या कुठल्या गावाकडे नाही. दुसरी सोय कागदपत्रांची. प्रत्येक पर्यटन प्रकल्पाला सल्लागार नेमावा लागतो. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खांच्या लक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खांच्या लक्षणांचा आहे. हे दोन समास निविदेला जोडले की पात्रतेचे निकष वेगळे काढायला नकोत.

गावाला पाहुण्यांची सवयही आहे. एरवी रामनवमीला भाविक येतात. 2022च्या ऑगस्टमध्ये इथल्या राम मंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा मात्र सारं राज्य हळहळलं. दोनएक महिन्यांनी पोलिसांनी मूर्ती शोधून आणल्या, देव परतले, आणि कॅमेरे निघून गेले. म्हणजे देव जागेवर असेपर्यंत गाव दिसत नाही, अशी ही नजर आहे. तिला वाळवंट दाखवणं काही अवघड जाऊ नये.

प्रस्तावाची छाननी आम्हीच केली. पहिली अडचण पावसाची निघाली. भूगोलाच्या पुस्तकात वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो त्या मुलखाला वाळवंट म्हणतात. जालन्याची सरासरी साडेसहाशे-सातशेच्या घरात. एवढ्या पावसावर वाळवंट उभं करणं हे काही निसर्गाचं काम नव्हे, त्याला माणसंच लागतात. दुबईत वर्षाला जेमतेम शंभरेक मिलिमीटर पडतो. तरी तिथं घरात नळ चालू आणि इथं गावाबाहेर टँकर चालू. शिवाय 16 एप्रिल 2024 रोजी दुबईत असा काही कोसळला की विमानतळाच्या धावपट्टीवर विमानं पाण्यातून चालताना जगानं पाहिली. तेव्हा वाळवंटात पूर येत नाही हा आक्षेपही निकालात निघाला. ढगांवर मीठ फवारून पाऊस पाडण्याचा खटाटोप दोघांचाही आहे. मराठवाड्यात तो 2015 साली झाला, 2019 साली पुन्हा झाला. विमान उडालं की पुढारी वर बघत, शेतकरी पुढाऱ्यांकडे बघत, आणि ढग तेलंगणाकडे बघत.

दुसरी अडचण वाळूची, आणि इथं प्रस्ताव जवळजवळ बुडालाच.

वाळवंटातली वाळू वाऱ्यानं घासून घासून गुळगुळीत, गोल झालेली असते. ती सिमेंटला धरत नाही. म्हणून वाळूच्या डोंगरांत बसलेली दुबई बांधकामासाठी बाहेरच्या देशांतून वाळू आणते. तिथलं वाळवंट इतकी शतकं जागेवर राहिलं ते त्याच्या वाळूला गिऱ्हाईक नाही म्हणून. आमच्या गोदावरीची वाळू मात्र खरबरीत, कोनेदार, सिमेंटला घट्ट धरणारी. घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण कडेनं गोदावरी वाहते. निदान नकाशात वाहते. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी इथं तिला बंधारे घालून अडवलेलं आहे. पाणी अडवायची सोय झाली. वाळू अडवायची कुणाच्यानं झाली नाही. अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठची वाळू दिवसा पंचनाम्यात असते आणि रात्री हायवात. पहाटे ती कुठल्या तरी शहरात स्लॅब होऊन जाते. त्या शहरातल्या त्या स्लॅबखाली राहणारी माणसं पैसे साठवून वाळू बघायला दुबईला जातात.

शासन गप्प बसलं नाही, हे नमूद करायला हवं. 2023 साली सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रास दरानं वाळू देण्याचं धोरण आलं. ऑनलाइन नोंदणी करायची, वाहतूक आपली आपण. घर बांधणाऱ्यानं नोंदणी केली, सर्व्हर बघितला, पुन्हा नोंदणी केली आणि शेवटी रात्री फोन केला. 2025 साली पुन्हा नवं धोरण आलं, त्यात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत. आता एकाच नदीच्या वाळूचे तीन भाव आहेत : फुकट, लिलावातला आणि रात्री दोनचा. यांतला तिसरा भाव कुठल्याही धोरणाविना वर्षानुवर्षं सुरळीत चालू आहे. त्याला ना सर्व्हर लागतो, ना आधार कार्ड.

म्हणजे आमच्याकडे वाळवंटाचं सगळं आहे. ऊन आहे, रखरख आहे, करपलेली मोसंबीची बाग आहे (जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि 2012-13च्या दुष्काळात बागांच्या बागा सरपणाला गेल्या, त्याला मानांकन नाही). फक्त वाळू नाही. जगात कुठल्याही देशाला न जमलेलं वाळूविरहित वाळवंट आम्ही स्वबळावर तयार केलं आहे. पर्यटन खात्याला यातून घोषवाक्य सुचू शकेल.

उंटाचं काय, तर उंट आणायचा म्हणजे राजस्थान किंवा कच्छ. राजस्थाननं 2014 साली उंटाला राज्यपशू केलं आणि 2015 साली कायदा करून त्याची कत्तल आणि विनापरवाना राज्याबाहेर नेणं बंद केलं. इतका मान मिळाल्यावर कुठल्या प्राण्याचं भलं झालंय? 2012 साली देशात चार लाख उंट होते, 2019च्या पशुगणनेत अडीच लाख भरले. महाराष्ट्रात उंट आला तर काय होतं तेही बघून झालं आहे. 2022च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या हद्दीत 58 उंट अडवले गेले. ते कत्तलीसाठी हैदराबादकडे चाललेत अशी तक्रार होती. आम्ही कच्छचे रबारी, पिढ्यान्पिढ्या उंट घेऊन इकडे फिरतो, असं पाळणाऱ्यांचं म्हणणं. उंटांची रवानगी अमरावतीच्या गोरक्षणात झाली आणि प्रकरण न्यायालयात. गायींच्या गोठ्यात उभे राहिलेल्या त्या उंटांना आपण आरोपी आहोत की फिर्यादी की मुद्देमाल, हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. पेशवाईत तातडीचा खलिता सांडणीस्वार घेऊन जाई. आता सांडणीच तातडीनं खलित्यात जाते.

शिवाय पाण्याचा हिशेब. तहानलेला उंट एका बैठकीत शंभर लिटर पाणी सहज पितो. टंचाईत टँकरच्या पाण्याचं सरकारी माप ग्रामीण भागात माणशी दिवसाला वीस लिटर. म्हणजे एक उंट प्याला की पाच जणांचं एक घर त्या दिवशी कोरडं. ग्रामसभेत हा मुद्दा निघाला तर उंट बहुमतानं पडेल. आणि उंट तरी कशाला हवा? उंटावरून शेळ्या हाकायचं काम मुंबईत मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून बिनउंटाचं होतंच.

चार चाकांच्या बाईकचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. तिची गरजच नाही. आमच्या पांदण रस्त्यावरून साधी दुचाकी घातली तरी तोच थरार मिळतो. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये तो असा बसतो की गाडी थांबते आणि माणूस पुढे जातो. दुबईत या अनुभवाआधी हमीपत्रावर सही घेतात. आमच्याकडे शाळेची पोरं रोज दोनदा हा खेळ दप्तर पाठीला लावून, सहीविना खेळतात.

एवढा अभ्यास करून प्रस्ताव तयार झाला. तो आम्ही जांबच्या पारावर बसणाऱ्या एका आबांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, “सफारी नवी कामून काढता, साहेब? दोन-तीन सालाला एक येतीच की.”

आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दुष्काळ पाहणी दौरा! मार्गदर्शकासह वाळवंट दर्शन ही गोष्ट दुबईनं शोधून काढली असं आपण समजत होतो. मराठवाड्यात ती दोन-तीन पिढ्यांपासून चालू आहे, तीही पर्यटकाला संपूर्ण मोफत.

बघा ना. पांढऱ्या गाड्यांचा ताफा, मागं धुरळा. मार्गदर्शक म्हणून तलाठी, बगलेत फाइल, शेजारी कृषी सहायक. थांबे आधी ठरलेले. शेत रस्त्याला लागूनच पाहिजे, कारण पर्यटकांच्या बुटांना ढेकळं सोसत नाहीत. एक कोरडी विहीर, एक करपलेलं कपाशीचं रान, रिकामा हंडा घेतलेल्या चार बाया. दुबईत ससाणा मनगटावर घेऊन फोटो काढतात, इथं वाळलेलं बोंड हातात घेऊन. दुबईची सफारी सूर्यास्ताच्या वेळी ठेवतात, कारण तेव्हा रंग छान दिसतात. आमच्याकडे वेळ सकाळी अकराची देतात आणि ताफा सूर्यास्तालाच येतो. कधी कधी तर त्यानंतरही येतो. मोबाइलच्या उजेडात केंद्रीय पथकानं पिकांची पाहणी केल्याच्या बातम्या वाचकांनी वाचल्या असतील. अंधारात पीक कसं दिसतं, तर जळालेलं आणि हिरवं सारखंच दिसतं. अहवाल निःपक्षपाती व्हावा म्हणून याहून उत्तम प्रकाशयोजना नाही.

स्मरणिकेची पद्धतही आहे. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्याच महिन्यात एका मंत्र्यांनी मांजरा नदीवरच्या दुष्काळी कामाशेजारी सेल्फी काढली आणि त्यावरून गदारोळ झाला. आम्हाला तेव्हाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. सहलीला गेलेला माणूस दुसरं करतो काय?

आणि तिकीट? आमच्या वाळवंटाचं तिकीट पन्नास पैसे. विनोद नव्हे, ही पैसेवारी. शिवारातलं पीक एका रुपयात किती पैसे आलं ते ठरवायचं आणि पन्नास पैशांच्या आत भरलं तर गाव टंचाईत. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. नजरेला सत्तेचाळीस दिसलेलं पीक कागदावर बावन्न होतं, ते का, याचा शोध घ्यायला गेलेला शेतकरी तहसीलच्या पायऱ्या मोजून परत येतो. पन्नास पैशांचं नाणं बाजारात कुणी घेत नाही. ते जिवंत आहे फक्त दुष्काळाच्या दारावर.

आता तर त्याहून पुढची व्यवस्था आली. 2016च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेपासून उपग्रहावरून हिरवाई मोजतात, जमिनीतली ओल काढतात, पहिला ट्रिगर, दुसरा ट्रिगर, असं सगळं शास्त्रशुद्ध. या शास्त्रानं 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यातले 40 तालुके दुष्काळी ठरवले. त्यांत जालना जिल्ह्यातले पाच : भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा. घनसावंगी नाही. घनसावंगी अंबडला खेटून आहे. मधे ना डोंगर, ना समुद्र. एकाच बांधावर उभं राहिलं तर एक पाय दुष्काळात आणि दुसरा सुजलाम-सुफलाममध्ये. पलीकडं बोंब झाली म्हणून पुढच्या महिन्यात राज्यभरातल्या शेकडो महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली. तहान लागलेल्याला पाणीसदृश काही तरी पाजल्याचं समाधान त्यात होतं.

उंटावरच्या शहाण्याची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. तहानलेल्या वासरानं रांजणात तोंड घातलं आणि डोकं अडकलं. गावानं शहाण्याला बोलावलं. तो उंटावरून आला. दार बुटकं. खाली उतरा म्हटलं तर शहाणा म्हणाला, मी उतरत नसतो, भिंत पाडा. भिंत पाडली. आत येऊन त्यानं पाहिलं आणि सांगितलं, वासराची मान कापा. कापली. डोकं रांजणातच राहिलं. मग म्हणाला, आता रांजण फोडा. या गोष्टीवर पोरं हसतात, कारण त्यांना पुढचं माहीत नसतं. पुढचं असं की शहाण्यानं प्रवासभत्त्याचं बिल लावलं, अहवालात ‘वासराची सुटका : शंभर टक्के’ असं लिहिलं आणि त्याला बढती मिळाली. आता तो उंटावरही बसत नाही. उपग्रहावर बसतो. तिथून वासरू दिसत नाही, रांजण दिसत नाही, गावात एक हिरवट ठिपका दिसतो. तो ठिपका उसाचा असतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी ज्याच्या रानापर्यंत पोचतं, त्याच्या उसाचा. कालव्याच्या शेपटाशी बसलेल्याला तेच पाणी लांबून चकाकताना दिसतं, जवळ जावं तर नसतं. वाळवंटात याला मृगजळ म्हणतात, पाटबंधारे खात्यात आवर्तन.

बरं, हे वाळवंट कायम ठेवायची निसर्गाची तयारी नाही, ही धंद्यातली मोठी जोखीम. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटलं. जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदावरी काठ सोडून रानांत शिरली, उभी सोयाबीन कुजली, जमिनी खरवडून गेल्या. ज्या रानात टँकरची वाट बघितली तिथं होडीची वाट बघायची पाळी आली. ताफा मात्र आला. त्याच पांढऱ्या गाड्या, तीच बगलेतली फाइल, रस्त्याला लागून असलेलं तेच शेत. फक्त फाइलवर ‘दुष्काळ’ खोडून ‘अतिवृष्टी’ लिहिलं होतं. सफारीचा हंगाम बारमाही करण्याची ही किमया दुबईला सात जन्मांत साधायची नाही.

तेव्हा आम्ही मूळ प्रस्ताव मागे घेतला असून चालू सेवेलाच पर्यटनाचा दर्जा द्यावा, एवढीच मागणी केली आहे. पाहुण्यांसाठी माहितीपत्रकही तयार आहे. गाडीतून उतरण्याची सक्ती नाही. काच खाली घेतल्यास ‘प्रत्यक्ष बांधावर भेट’ अशी नोंद केली जाईल. शेतकऱ्याशी बोलायचं असल्यास एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर सुरू होताच घड्याळ बघावं. चहा ग्रामपंचायतीतर्फे, चहातलं पाणी टँकरचं असल्यानं कप उष्टा टाकू नये. आश्वासनं वजनाला हलकी असल्यानं हवी तितकी सोबत आणावीत, परत नेण्याची गरज नाही. वाळूत बाईक चालवण्याची हौस असलेल्यांनी मुक्काम करावा आणि रात्री दोनच्या सुमाराला नदीकाठी यावं. वाळू त्या वेळी बघायला मिळते, चालती. दिवे बंद ठेवावेत, बिननंबरचं वाहन समोरून आल्यास बाजूला व्हावं आणि फोटो काढू नयेत. या फेरीला मार्गदर्शक मिळणार नाही. तलाठी त्या वेळी रजेवर असतात.